मेंढ्या बसवल्या त्या वर्षीची चौथी

सकाळी आमच्या गावात पिवळी गाडी येते. टाय लावलेली, भांग पाडलेली मुलं तिच्यात बसून इंग्रजी शाळेला जातात. त्यानंतर तासाभरानं मी स्कुटीवरून येते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचं कुलूप उघडते. म्हणजे मी गावात शिरते तेव्हा गावाची बहुतेक मुलं गावाबाहेर गेलेली असतात. गाव ओतूर आणि येडगावच्या मधे आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. जुन्नर तालुक्यात अशी गावं आता शोधावी लागत नाहीत.

मी इथं नवी आले तेव्हा वर्गात अंग चोरून चालावं लागायचं. बाकं पुरायची नाहीत, दप्तरं खिडकीत रचलेली असायची. सगळी जमीनवाल्या घरांची, एकमेकांच्या भावकीतली मुलं. त्यामुळे बापांची बांधावरची भांडणं मधल्या सुट्टीत माझ्यापर्यंत यायची आणि ती मी तहसीलदारापेक्षा लवकर मिटवायचे. आज त्यातल्या कित्येकांची तिशी उलटली आहे. काही चाकणला कंपनीत आहेत, काही शेती करतात, आणि शेती करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची लग्नं अजून व्हायची आहेत, कारण शेतकरी नवरा कुणालाच नको आहे. लग्नं नाहीत म्हणून मुलं नाहीत. ज्यांची झाली त्यांच्या घरी एकच मूल, आणि ते पिवळ्या गाडीत.

शाळा मात्र ओस पडली नाही. कांद्या-टोमॅटोच्या कामाला डोंगराकडून उतरलेल्या कुटुंबांची मुलं आली. रोपवाटिकेत राहणाऱ्या बिहारच्या जोडप्याची दोन मुलं आली, महिन्याभरात मराठीत शिव्या द्यायला शिकली आणि मग बाकीचं मराठी शिकली. यांच्यातलं कोण कधी येईल आणि कधी जाईल, याचा पत्ता नसतो. काम संपलं की बिऱ्हाड हलतं. सोमवारी वर्गात पाऊल टाकताना कोण दिसेल आणि कोण नाही, याची मला इतक्या वर्षांनंतरही धाकधूक असते.

मी सांगतेय त्या वर्षी जूनमध्ये डीएडची एक विद्यार्थिनी सरावासाठी आमच्या शाळेत आली. डीएडला आता नवं नाव आहे, पण आमच्या तोंडात जुनंच बसलंय. ती आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरची, शेतकऱ्याची मुलगी. आमच्या वेळी डीएडला नंबर लागला की घरचे पेढे वाटायचे, कारण नोकरी ठरलेलीच असायची. सराव पाठाला आम्ही घोळक्यानं जायचो आणि वर्ग मिळावा म्हणून मुख्याध्यापकांच्या विनवण्या करायचो. हिच्या विद्यालयात आता शिकणाऱ्यांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त आहेत, असं तिनं पहिल्याच दिवशी हसत हसत सांगितलं.

"मग आलीस कशाला?" मी विचारलं. मी असं फटकन विचारते, माझा स्वभावच तसा आहे.

"मला शिकवायला आवडतं," ती म्हणाली. पुढं नोकरी मिळेल का, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नसताना एवढ्या एका कारणावर कुणी दोन वर्षं घालवावीत, याचं मला कौतुक वाटलं आणि जरा भीतीही वाटली. मुलांनी तिचं नाव छोट्या मॅडम पाडलं. त्यामुळे मी आपोआप मोठ्या मॅडम झाले, आणि ते वजनाकडं बघून म्हणत नाहीत असं मी समजून घेतलं.

छोट्या मॅडमच्या पाठाच्या टाचणात 'पूर्वज्ञान' म्हणून एक रकाना असायचा. मुलांना आधीपासून काय येतं, ते तिथं लिहायचं. आमच्या वेळीही तो रकाना होता आणि आम्ही तो डोळे झाकून भरायचो, कारण सगळी मुलं कालच्या बाकावर आजही बसलेली असायची. आम्हाला शिकवलेलं सगळंच जागच्या जागी बसणाऱ्या मुलांसाठी होतं. छोट्या मॅडम मात्र त्या रकान्यापाशी पेन धरून बसायच्या. आमच्या वर्गात कुणाचं पूर्वज्ञान कुठल्या गावच्या शाळेत राहिलंय, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला मेंढ्या आल्या. पूर्वेकडच्या कोरड्या पठारावरचं एक मेंढपाळ कुटुंब दर वर्षी याच दिवसांत आमच्या गावात उतरतं. घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार, त्याच्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं. दिवाळी होईपर्यंत ते इथं राहतात, मग माळशेज घाटानं कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत आपल्या गावाकडं जातात. त्या घरातली थोरली मुलगी पहिलीपासून दर दसऱ्याला माझ्या वर्गात यायची. येताना हमी कार्ड आणायची. फिरत्या मुलांना पुढच्या शाळेनं वर्गात घ्यावं म्हणून दिलेलं ते कार्ड असतं. पण मेंढ्या चरतात तिथं शाळा असेलच, एवढी हमी काही त्या कार्डात नसते. त्यामुळे ती प्रत्येक इयत्तेत थोडी थोडी बसलेली होती आणि कुठल्याच इयत्तेत पुरती बसलेली नव्हती.

त्या वर्षी ती चौथीत होती. उंच, सरळ नाकाची, सगळ्यांत मागं बसणारी. मधली सुट्टी संपली की दारात उभी राहून लहान मुलं सगळी आत आली का ते बघायची आणि मगच स्वतः आत यायची. तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. वाचताना ती ओळीखालून बोट फिरवायची. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं आणि ती आमच्याकडं बघून हसायची.

छोट्या मॅडम तिच्याशेजारी रोज बसायला लागल्या. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तिचं बोट एखादी ओळ न थांबता पार करायला लागलं होतं. उन्हाळ्यापर्यंतचा सलग वेळ मिळाला असता तर ती नक्की वाचती झाली असती. नाही मिळाला, तर कोकणातनं परत येईपर्यंत सगळं पुसलं जाणार होतं. आणि आता पुढचा दसरा नव्हता. चौथी झाली की शाळा बंद, हे तिच्या आईनं मला आधीच सांगून ठेवलं होतं.

सुट्टी संपल्यावर आम्ही दोघी त्यांच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे त्यांचा तळ. मेंढ्यांभोवती लावायच्या जाळ्याला ते वाघर म्हणतात. तिची आई ती वाघर दुरुस्त करत बसली होती. मी मनात मोठं भाषण तयार करून गेले होते.

"तिला ठेवा माझ्याकडं," मी म्हटलं. "माझ्या घरी राहील, माझ्याबरोबर शाळेत येईल. परीक्षा झाली की घेऊन जा."

आईनं हातातली गाठ पक्की केली. "लेकरू ठिवून जायला आमी काय पावणं म्हणून चाललोय का, मॅडम? आमी घरच घिऊन निघतो. घर फुडं अन् लेकरू मागं, असं कसं व्हईल?"

"मग तुम्हीच थांबा."

"थांबायचं आमच्या हातात न्हाई. ज्याला रानात मेंढ्या बसवायच्यात, त्यो बोलावतो. त्याच्या रानात वाघर लागती. हितलं बोलावणं सरलं. कोकणात वाट बघत्यात."

मेंढ्या बसवणं हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. पीक निघून रान मोकळं झालं की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. काही रात्री कळप त्या रानात मुक्कामाला बसतो, लेंडीखत पडतं आणि शेतकरी त्या बदल्यात पूर्वी बाजरी द्यायचा, आता रोख देतो. दिवसा मेंढ्या कोबीचा पाला, उसाचं वाढं, बांधावरचं गवत असं मिळेल ते खातात. हे सगळं मला माहीत होतं. पण ते मला शेतीतलं एक काम वाटायचं. त्याचा माझ्या शाळेशी काही संबंध असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

परत येताना मी स्कुटी जोरात चालवत होते, कारण मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मागं बसलेल्या छोट्या मॅडम म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडं मेंढ्यांवरनं भांडणं होतात. आधी कुणाच्या रानात बसवायच्या, यावरनं माझे वडील आणि चुलते दिवसभर बोलत नव्हते."

"बरं मग?"

"मग इथं बोलावणं संपतंच कसं? कांद्याच्या लागणी व्हायच्यात अजून. खत सगळ्यांनाच पाहिजे असणार. एकापाठोपाठ एक रानं लावून दिली, कालव्याच्या पाण्याची पाळी लावतात तशी, तर ते कशाला जातील कोकणात?"

मी स्कुटी बाजूला घेतली आणि मागं वळून तिच्याकडं बघतच राहिले. मी इतकी प्रशिक्षणं केली आहेत. पडद्यावर चित्रं बघितली, गटचर्चा केल्या, आता मोबाइलवरची प्रशिक्षणंही पुरी केली. स्थलांतरित मुलांना टिकवण्याचे उपाय त्या सगळ्यांत होते. कांद्याची लागण कधी होते ते बघा, असं मात्र त्यात कुठंही नव्हतं. ही निरगुडसरची पोर ते घरून शिकून आली होती आणि आपण काही विशेष बोललो, असं तिच्या चेहऱ्यावरही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दूध डेअरीवर गेलो. आमच्या गावात सगळे शेतकरी एका ठिकाणी भेटायची तेवढी एकच जागा उरली आहे. शाळेच्या समितीत आता शाळेतल्या मुलांचे आईबाप असतात, म्हणजे मजूर माणसं, आणि सभेला यायचं तर त्यांचा रोज बुडतो. रानं ज्यांची, ते समितीत नाहीत. त्यांची मुलं पिवळ्या गाडीत.

डेअरीवर एक वयस्कर गृहस्थ बाकावर बसलेले असतात. पूर्वी सोसायटीचे चेअरमन होते म्हणून गाव त्यांना अजून चेअरमनच म्हणतं. त्यांचे दोन्ही मुलगे माझ्या हाताखाली शिकले. थोरल्याचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो, धाकट्याचं लग्न जमत नाही.

"मॅडम दूध घालाया आल्या का?" त्यांनी सुरुवात केली. "फॅट किती लागतंय बघा रं."

मी त्यांना सगळं सांगितलं. मुलगी कोण, ती कुठवर वाचते, ती गेली तर काय होईल आणि ती राहावी म्हणून काय करता येईल. माझं बोलणं संपल्यावर कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "आमची पोरं तुमच्या शाळंत न्हाईत. मग आमाला कशाला इचारता?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. तरी मला ते लागलं.

"पोरं न्हाईत म्हणून तर इचारत्यात," चेअरमन म्हणाले. "असती तर तुझ्या पोराची गाऱ्हाणी सांगितली असती राव." सगळे हसले. मग त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "कांदा लावायच्या आदी खत कुणाकुणाला पायजे?"

त्यानंतर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. खत सगळ्यांनाच पाहिजे होतं. एक जण म्हणे माझं रान आठवड्यात मोकळं होतंय. दुसरा म्हणे तुझ्या रानात गेल्या साली बसवल्या होत्या, यंदा मी आधी. तिसऱ्यानं फोन करून भावाला उठवलं. आवाज चढले, बांधावरच्या जुन्या गोष्टी निघाल्या, आणि या गडबडीत शाळेचं नाव कुणाच्याच तोंडी राहिलं नाही. मला ते फार आवडलं. उपकार केल्यासारखं तिथं कुणी बोलत नव्हतं. माझ्याच जुन्या वर्गातले ते मुलगे मिशा आल्यावरही पहिला नंबर माझा म्हणून भांडत होते, आणि मी छोट्या मॅडमचा हात घट्ट धरून उभी होते.

सगळ्या पाळ्या लागल्या, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मेंढपाळांना कुणी विचारलेलंच नाही. चेअरमन स्वतः वाड्यावर गेले. तिथं मुलीचे आजोबा, आई-वडील, चुलता असे सगळे बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. इथं उसात बिबट्या आहे. आणि कोकणातल्या लोकांना शब्द दिलेला आहे. चेअरमननी उसाच्या कडेची सगळी रानं पाळीतून वगळली. कोकणाच्या शब्दाचं कोडं मात्र त्या घरालाच सोडवावं लागलं. शेवटी कळप दोन ठिकाणी वाटला गेला. चुलता मोठा भाग घेऊन घाट उतरला आणि मुलीचे आईवडील आजोबांसह थोड्या मेंढ्या घेऊन मागं राहिले. चौथीतल्या एका मुलीसाठी एका घराचे दोन भाग झाले होते. आई याबद्दल कधीच काही बोलली नाही, म्हणून मीच इथं लिहून ठेवते.

तो हिवाळा मला एखाद्या सणासारखा आठवतो. ती मुलगी दर काही दिवसांनी वेगळ्या दिशेनं शाळेत यायची. कधी ओढ्याकडून, कधी मारुतीच्या मागून. आज ती कुठून येणार, यावर मुलं पैजा लावायची. सकाळी कळप रस्ता ओलांडत असला की पिवळी गाडी थांबायची. आत टाय लावलेली मुलं काचेला नाकं लावून बघत बसायची आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमायचा. इंग्रजी शाळेत त्या वर्षी उशिरा येण्याचं कारण म्हणून मेंढ्या मान्य झाल्या होत्या, असं मी ऐकलं.

आणि ती वाचायला लागली. हे एका दिवसात झालं नाही. आधी बोटाचा वेग वाढला. मग एकदा जोडाक्षरावर बोट पुढं गेलं आणि तोंड मागं राहिलं, तेव्हा तिला स्वतःलाच हसू आलं. मग ती लहान मुलांना गोष्ट वाचून दाखवायला लागली, आणि मधेच थांबून एकेकाकडं बघून घ्यायची, सगळे आहेत ना म्हणून. इतकी वर्षं मी मुलांना वाचायला शिकवते आहे. पण मूल वाचतं होतं ती नेमकी घडी मला अजून पकडता आलेली नाही. काल नव्हतं आणि आज आहे, एवढंच दिसतं. दर वेळी मी नव्यानं थक्क होते.

माघ सरत आला तेव्हा अडचण उभी राहिली. सगळ्या गावाच्या कांद्याच्या लागणी झालेल्या होत्या. कालव्याला पाणी सुटलेलं होतं आणि जिथं बघावं तिथं हिरवं. मोकळं रानच उरलं नव्हतं. कांदा निघायला अजून अवकाश होता आणि परीक्षाही तेवढीच लांब होती. शेवटची पाळी संपली त्या दिवशी आई स्वतः शाळेच्या फाटकापाशी आली.

"उद्या निघतो, मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या लोकांनी शबूद पाळला. रानच न्हाई त्याला ते तरी काय करतील."

मी मान हलवली. मुलगी वर्गात होती, तिला ते ठाऊक असावं, कारण त्या दिवशी ती वाचायला पुढं आली नाही. संध्याकाळी मी हमी कार्ड भरलं. मला त्या हिरव्यागार शिवाराचा राग आला होता. पिकावर रागावणारी मी गावात पहिलीच असेन.

सकाळी लवकर कार्ड घेऊन मी त्यांच्या तळाकडं गेले, तर तिथं कुणी नव्हतं. रस्त्यावर लेंड्यांचा माग होता. मी स्कुटी माळशेजच्या दिशेनं वळवणार, तेवढ्यात दिसलं की माग उलट्या बाजूला, कालव्याकडं गेलाय. त्या मागानं मी गेले. दोन्ही बाजूंना कांद्याची पात गुडघ्यापर्यंत आलेली, आणि मधे एकदम काळं, नांगरून ठेवलेलं मोठं रान. त्यात वाघर लागलेली होती. मेंढ्या निवांत बसल्या होत्या, चूल पेटली होती आणि बांधावर चेअरमन चहा पीत बसले होते.

आमच्या भागात हे काय आहे, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. कालव्याला पाणी आलेलं असताना पाण्याखालचं रान कुणी रिकामं ठेवत नाही. घरात लग्न असो की मयत, लागण होतेच. त्या रानावरून डेअरीवर झालेली चेष्टा माझ्याही कानावर आली होती, की चेअरमन म्हातारे झाले, लागण करायचं विसरले. मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं.

"हे रान रिकामं कसं?" मी विचारलं.

"इसरलो लावायचं," ते म्हणाले आणि चहा प्याले.

त्यांचा धाकटा मुलगा, माझाच जुना विद्यार्थी, वाघरीची मेख ठोकत होता. तो वर न बघता बोलला. "इसरले न्हाईत, मॅडम. लागणीच्या टायमालाच म्हणले, फागुनात सगळ्यांची रानं भरल्याली असतील, तवा मेंढ्या कुटं बसवायच्या? म्या लई भांडलो. पंधरा दिस बोललो न्हाई त्यांच्याशी."

"आता बोलतोय की," चेअरमन म्हणाले.

मी चेअरमनकडं बघितलं. या माणसाचा नातू माझ्या शाळेत नाही. ही मुलगी त्यांच्या भावकीतली नाही, गावातली नाही, तालुक्यात तिच्या घरच्यांचं मतही नाही. ती वाचायला शिकावी म्हणून त्यांनी आपलं पाण्याखालचं रान थंडीतच राखून ठेवलं होतं, गावाचं हसणं आणि पोराचा अबोला सोसला होता, आणि तेव्हापासून याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. माझे डोळे भरून आले. चूल फुंकणाऱ्या आईनं ते बघितलं आणि मला धुरापासून बाजूला बसायला सांगितलं. धुराचं निमित्त मला बरं वाटलं. हमी कार्ड मी पर्समध्ये परत ठेवलं.

त्या रानात कळप बरेच दिवस बसला. मग एकानं कोबी जरा आधीच काढला, दुसऱ्यानं जनावरांचा मका लवकर कापला. कारण विचारलं तर दोघांनीही भलतंच काहीतरी सांगितलं. तोवर पहिले कांदे निघाले, रानं मोकळी व्हायला लागली आणि परीक्षा झाली.

छोट्या मॅडमचा सराव तोवर संपला होता. तिच्या विद्यालयात पुढच्या वर्षी प्रवेश घेणारे मिळतील का, याचीच चर्चा चालू होती. नोकरीच्या परीक्षांचे अर्ज ती भरत होती. तिनं शेवटच्या पाठाच्या टाचणात पूर्वज्ञानाचा रकाना एकदाचा भरला होता, 'कांद्याची लागण कधी होते, ते शिक्षकाला ठाऊक असावे' असं लिहून. निकालाच्या दिवशी ती निरगुडसरहून एसटीनं मुद्दाम आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. आमच्याकडं मे महिन्याच्या पहिल्या दिवशी झेंडावंदन झालं की निकाल वाचतात. झेंड्याला गाव येतं, जमीनवाली माणसं पुढच्या रांगेत उभी राहतात आणि राष्ट्रगीत संपलं की चहाला निघून जातात. निकालाला उरतात ते मुलांचे आईबाप, तेही रोज बुडवून आलेले. त्या वर्षी झेंडावंदन झालं आणि कुणी गेलंच नाही. चेअरमन सतरंजीवर मांडी घालून बसले. डेअरीवरची बाकीची माणसंही त्यांच्या मागं बसली. मला वाटलं, सरबत आहे म्हणून बसले असतील.

मी चौथीचा निकाल काढला, मुलीचं नाव घेतलं आणि दर वर्षीच्या सवयीनं म्हटलं, "पालकांनी पुढं यावं."

आई उठली. तिच्या मागं चेअरमन उठले. त्यांच्या मागं, ज्यांच्या ज्यांच्या रानात मेंढ्या बसल्या होत्या ते सगळे उठले, एकदमच, सांगून ठेवल्यासारखे. मग त्यांनी एकमेकांकडं बघितलं. आपण कशाला उठलो, ते कुणालाच सांगता येईना. टोप्या सारख्या करत सगळे तसेच उभे राहिले.

आईनं मागं वळून बघितलं. "बसा भाऊ," ती शांतपणे म्हणाली. "मी हाय की."

मग जो हशा पिकला त्यात मी हसत होते की रडत होते, ते छोट्या मॅडमलाच विचारावं लागेल. आईनं निकाल घेतला आणि तसाच मुलीच्या हातात दिला. मुलीनं सगळ्यांसमोर तो वाचला. विषय, श्रेणी, शेरा, सगळं. बोट न फिरवता.

"पाचवी कुटं?" खाली बसता बसता चेअरमननी विचारलं.

"पावसाळ्यात त्यांच्या गावाकडं," मी म्हटलं. "दसऱ्यापासून ओतूरला जावं लागेल. पण शाळा पुढं चालू ठेवायची की नाही, हे त्यांनी ठरवायचं."

सगळे तिच्या आईकडं बघायला लागले. चेअरमन मात्र मागं वळून आपल्या लोकांना विचारत होते, ओतूरच्या रस्त्याला कुणाकुणाची रानं आहेत. दोन हात वर झाले, तिसऱ्यानं आपल्या मेव्हण्याचं रान सांगितलं, आणि आधी कुणाची यावरून तिथंच जुंपली. आई थोडा वेळ ते ऐकत उभी राहिली. मग तिनं मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"पाळ्या नीट ठरवा," ती म्हणाली. "तसं मी कोकणात दीरांना कळवते."